माडांच्या मधून आकाश शोधताना: आंजर्ल्यातल्या एका घरी डीडी फ्री डिश

गेल्या वर्षी गणपतीला आत्याकडे दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला गेले, तेव्हा माजघरातल्या टीव्हीवर भरतकामाचा रुमाल घातलेला होता. टीव्ही चांगला होता, चित्रच येत नव्हते. "जूनपासून असंच आहे," काका म्हणाले. "वारा सुटला की चौकोन चौकोन होतात, मग निळा पडदा. दोनदा माणूस येऊन गेला. एकदा बॉक्स बदलला, एकदा ती छत्रीपुढची डबी बदलली. चार दिवस बरं चालतं, पुन्हा तेच."

मी चिपळूणला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. उपग्रहाचे कोन, ध्रुवण म्हणजे लहर उभी की आडवी ते, एलएनबी म्हणजे ती छत्रीपुढची डबी, हे सगळे दरवर्षी फळ्यावर काढते. आणि घरच्याच दोन म्हाताऱ्या माणसांचा टीव्ही अख्खा पावसाळा बंद आहे हे मला गणपतीत कळले, याची फार खंत वाटली. त्या दिवसापासून या मार्चपर्यंत जे काही केले त्याची नोंद ठेवली. किनाऱ्यावर कोणाला घरी मोफत उपग्रह वाहिन्या सुरू करायच्या असतील तर ती उपयोगी पडेल म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याकडे कोणता बॉक्स आणि केवढी छत्री हे प्रश्न नंतरचे. छत्री कुठे उभी करायची हा पहिला प्रश्न, आणि तो माडांना विचारून सोडवावा लागतो.

घर आणि गरज

घरात माणसे दोन. काका शहात्तर वर्षांचे, आत्या एकाहत्तरची. मुलगा ठाण्याला. जांभ्या चिऱ्याचे कौलारू घर, पुढे पडवी, पडवीवर नंतर घातलेली छोटी स्लॅब, मागे आगर. आगरात माड आणि पोफळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, तीन माड मुळापासून गेले. विजेचे खांब पडले, त्यांच्यावरून आलेली केबलची वायरही गेली. वीज यायला बरेच आठवडे लागले. केबल मात्र वाडीच्या या टोकापर्यंत पुन्हा आलीच नाही. चार घरांसाठी एवढी वायर ओढणे केबलवाल्याला परवडत नव्हते, आणि त्याचेही बरोबर होते.

मग मुलाने एका सशुल्क डीटीएच सेवेची जोडणी घेऊन दिली. दर महिन्याचे रिचार्ज ठाण्याहून व्हायचे. पण काकांना लागतात बातम्या, आत्याला लागतात जुने मराठी चित्रपट आणि संध्याकाळी एखादे कीर्तन-भजन. तेवढ्यासाठी महिन्याला पैसे भरणे दोघांनाही आवडेना. एकदा रिचार्ज चुकले ते चुकलेच.

काकांच्या मनात एक जुना तोडगा होता. कौलांवर अजून अॅल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना उभा आहे. "त्याच्यावर दूरदर्शन फुकटच यायचं की. तो साफ करून जोडला तर?" हा प्रश्न मला अनेक घरांत ऐकू येतो. तो अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्यांकडून येणाऱ्या लहरी पकडण्यासाठी होता. दूरदर्शनने हे जुने अॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केले. आता आपल्याकडच्या गावात त्या अँटेनाला पकडण्यासारखे काही उरलेले नाही. तेच दूरदर्शन आता उपग्रहावरून येते आणि तेही फुकटच येते.

ती सेवा म्हणजे डीडी फ्री डिश. प्रसार भारतीने ती डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू केली, तेव्हा ३३ वाहिन्या होत्या. आज त्या कितीतरी जास्त आहेत आणि देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत ही छत्री आहे. छत्री, एलएनबी, केबल आणि बॉक्स मिळून एकदाच दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च होतो, पुढे महिन्याचे काही नाही. फुकट कसे परवडते, असे आत्याने विचारले. खासगी वाहिन्या इथे जागा मिळवण्यासाठी लिलावात पैसे मोजतात, कारण इतक्या घरांत पोचले की त्यांना जाहिराती मिळतात. म्हणजे पैसे वाहिनी भरते, पाहणारा भरत नाही.

त्याची एक बाजू आधीच सांगून ठेवावी लागते. लिलावाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे दर एप्रिलमध्ये काही वाहिन्या जातात, काही येतात. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या काढून घेतल्या, २०२० मध्ये परत आणल्या, २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. आवडती वाहिनी एका सकाळी नाहीशी झाली तर बॉक्स बिघडला असे समजू नये, नव्याने स्कॅन करून पाहावे. दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या, म्हणजे सह्याद्री, नॅशनल, न्यूज, किसान, भारती, या मात्र पक्क्या. शिवाय आकाशवाणीची रेडिओ केंद्रे त्याच बॉक्सवर ऐकू येतात आणि शाळा-कॉलेजच्या शैक्षणिक वाहिन्याही आहेत. शेजारची आठवीतली मुलगी त्यासाठीच आत्याकडे येऊन बसायची.

आधीची बसवणी कुठे चुकली

उन्हाळ्यात, मे महिन्यात, तालुक्याच्या बाजारातल्या एका विक्रेत्याने पडवीच्या स्लॅबवर फ्री डिशची साठ सेंटिमीटरची छत्री बसवून दिली होती. त्या दिवशी चित्र स्वच्छ आले. जूनमध्ये बिघाड सुरू झाला.

विद्यार्थ्यांना मी सांगते की बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला. इथे तेच केले. बॉक्स खाली उतरवला, तो शेजारच्या घरच्या छत्रीला जोडला. सगळी चॅनेल लागली. म्हणजे बॉक्स निर्दोष, आणि बहुधा आधी बदलून नेलेला पहिलाही निर्दोषच होता.

मग केबल. एलएनबीला लावलेला एफ-कनेक्टर, म्हणजे केबलच्या टोकाची आट्यांची टोपी, पान्याने सोडवला तर आतून चमचाभर पाणी आले. तांब्याची मधली तार टोकाला हिरवी पडली होती. वरचे काळे कव्हर दोन इंच सोलले, तर आतल्या जाळीची चिमटीत राखाडी भुकटी झाली. अजून अर्धा फूट कापले, तरी तेच. दीड फूट कापल्यावर स्वच्छ तार लागली. एका पावसाळ्यात खाऱ्या हवेने आणि पाण्याने एवढी मजल मारली होती. नवा कनेक्टर लावल्यावर बॉक्सवरचा सिग्नलचा पट्टा वर गेला. चित्र आले. आत्याने लगेच रुमाल घडी करून ठेवला.

दुपारी वारा सुटला आणि चौकोन परत आले.

इथे खरे म्हणजे फळ्यावरचे गणित आधी आठवायला हवे होते. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये एरियान-५ रॉकेटने तो दक्षिण अमेरिकेतल्या कुरू तळावरून वर गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो आपल्याला स्थिर दिसतो. आंजर्ल्याहून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे जवळजवळ १३० अंश, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून उंची साडेअठ्ठावन्न अंश. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळा किनारा घेतला तरी दिशा १३० ते १२७ आणि उंची ५८ ते साडेसाठ, एवढाच फरक पडतो. समुद्र आपल्या पश्चिमेला, छत्रीचे तोंड मात्र कायम डोंगराकडे. अंश एवढे चढे असल्यामुळे डोंगर आड येत नाही. आड येतो तो माड.

हिशेब सोपा आहे. छत्रीच्या वर दर दहा फूट उंचीच्या अडथळ्यामागे सहा फूट अंतर हवे. शिवाय माडाची झावळ बुंध्यापासून दहा-बारा फूट पसरते, ती वेगळी धरायची. पडवीच्या स्लॅबच्या आग्नेयेला वीस फुटांवर दोन माड आहेत, पन्नासेक फुटांचे. छत्री जमिनीपासून नऊ फुटांवर. तिथून निघालेली नजर वीस फूट पुढे गेली की एकेचाळीस-बेचाळीस फुटांवर पोचते, म्हणजे नेमकी माडाच्या शेंड्यात. मे महिन्यात ती दोन झावळांच्या फटीतून निसटत असणार. पण माडाला वर्षाला बारा-चौदा नव्या झावळी येतात, जुन्या खाली झुकतात. फट महिन्याभरात बदलते. त्यात पावसाने भिजलेले पान कोरड्या पानापेक्षा कितीतरी जास्त सिग्नल गिळते. वाऱ्याने झावळ हलली की चित्र तुटणार, थांबली की येणार. काका चार महिने हेच सांगत होते. त्यांच्या बोलण्यातला 'वारा' हा शब्द कोणी ऐकला असता तर दोन खेपांचे पैसे वाचले असते.

विक्रेत्याने फसवले असे मी म्हणणार नाही. लागले ना चित्र, मग झाले, अशीच ही कामे चालतात. पण कोकणात ते पुरत नाही.

"माड थोडा सवळला तर?" मी आत्याला भीत भीत विचारले. शेंड्याच्या दोन झावळी काढायच्या एवढेच माझ्या मनात होते.

"अगो, वादळाने तीन नेले. उरलेल्यांना हात नाही लावायचा," आत्या म्हणाली. तो विषय तिथेच संपला, आणि ते योग्यच झाले. झावळी महिन्याला एक येतात, कितीदा काढणार?

सूर्याला विचारून जागा

जागा शोधायला दोन मार्ग आहेत. एक वर्षभर चालतो. कंपासपेटीतला कोनमापक घ्यायचा, त्याच्या सरळ कडेला पेयाची नळी चिकटवायची आणि मध्यबिंदूला दोऱ्याने एक नट ओळंब्यासारखा टांगायचा. होकायंत्रावर १३० अंशांची दिशा धरून नळीतून झाडाच्या शेंड्याकडे पाहायचे. दोरा कोनमापकावर जो आकडा दाखवेल तो नव्वदातून वजा केला की झाडाची उंची अंशांत मिळते. ती पन्नासच्या आत असेल तर निर्धास्त. होकायंत्र फोनमधले चालते, फक्त लोखंडी पाइप, पत्रा आणि पंपाची मोटर यांच्यापासून दहा पावले दूर उभे राहावे. त्यांच्याजवळ सुई सरळ खोटे बोलते.

दुसरा मार्ग वर्षातून दोनदाच मिळतो, पण त्याच्यासारखा पुरावा नाही. मार्चच्या १२-१३ तारखेला आणि सप्टेंबरच्या ३० किंवा ऑक्टोबरच्या १ तारखेला सूर्य आकाशात बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो. आंजर्ल्याला मार्चमध्ये ती वेळ सकाळी सव्वाअकराच्या आतबाहेर, आणि सप्टेंबरअखेरीस दहा पन्नासच्या सुमारास. त्या घटकेला ज्या जागी ऊन पडलेले असेल, तिथून उपग्रह दिसतो. जिथे सावली असेल, तिथे छत्री लावून उपयोग नाही. किनाऱ्यावर दुसऱ्या गावी तारीख एखाद्या दिवसाने आणि वेळ पाच-सात मिनिटांनी हलेल, पण दोन दिवस मागेपुढे पाहिले तरी अंदाज पक्का येतो.

गणपतीनंतर तीनच आठवड्यांनी ही तारीख येत होती. मी २९ सप्टेंबरला रात्रीच आंजर्ल्याला गेले.

सकाळी नऊपर्यंत मळभ होते. साडेदहाला उघडले. आम्ही तीन जागा मनात धरल्या होत्या: पडवीची स्लॅब, तुळशीवृंदावनाशेजारचे अंगण आणि विहिरीजवळची पंपघराची स्लॅब. आत्याने रांगोळीची वाटी आणली. मी घड्याळ पाहत होते, काका अंगणात, शेजारचा वायरमनचा कोर्स केलेला मुलगा पडवीवर, आणि मी पंपघराशी. दहा पन्नासला मी हाक मारली.

पडवीवर छत्रीच्या पत्र्यावर ऊन आणि सावली यांची नुसती ये-जा चालली होती. झावळीची पाती हलतील तसे पट्टे सरकत होते, एक क्षण लख्ख, दुसऱ्या क्षणी काळे. "ताई, हे बघा, हेच टीव्हीत दिसतंय," तो मुलगा वरून म्हणाला. त्याने ते एका वाक्यात सांगितले, मला वर्गात एक तास लागतो. अंगणात ऊन होते, पण रांगोळीच्या खुणेपासून हातभर अंतरावर आंब्याच्या फांदीची कड होती. दोन वर्षांत ती खुणेवर येणार. पंपघराच्या स्लॅबवर सगळीकडे ऊन.

पंपघर का, हे नीट पाहिले तेव्हा समाधान झाले. त्याच्या आग्नेयेला आधी विहिरीचे तोंड, मग गडगा म्हणजे दगडी बांध, मग पाखाडी म्हणजे पायवाट, पाखाडीपलीकडे शेजाऱ्यांचे खळे. पहिले माड साठ फुटांवर. विहिरीत आणि पाखाडीत कोणी माड लावत नाही. वादळात मोकळी झालेली आगरातली जागा याहून सोयीची होती, घराला जवळही होती. पण तिथे आत्याने पोफळीची नवी रोपे आणि दोन माड लावले आहेत. दहा वर्षांनी ती जागा पुन्हा सावलीत जाणार, आणि जायलाच हवी. छत्री लावताना आज काय उभे आहे एवढेच न पाहता काय वाढणार आहे तेही पाहावे. आणखी एक साधी गोष्ट, माडाखाली छत्री लावली तर एखादा नारळ तिचे काम एका दणक्यात संपवतो.

बसवणी

जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. त्यात ठोकलेला अँकर बोल्ट वाऱ्याच्या ओढीने महिन्या-दोन महिन्यांत सैल होतो आणि छत्री एक अंश जरी फिरली तरी चित्र जाते. म्हणून भिंतीला हात न लावता पंपघराच्या सिमेंटच्या स्लॅबवर दीड फूट चौरस काँक्रीटचा ठोकळा घातला आणि त्यात दोन इंची जीआय पाइप ओळंब्याने सरळ उभा केला. पाइप तिरका असेल तर पुढचे सगळे कोन चुकतात. ठोकळा चार दिवस भिजवत ठेवला. तोवर मी चिपळूणला जाऊन आले.

छत्री तीच साठ सेंटिमीटरची ठेवली. नव्वदची घ्या असे आम्हाला सुचवले होते. तिचे क्षेत्रफळ सव्वादोनपट, त्यामुळे पावसात थोडी जास्त टिकते हे खरे. पण वाराही सव्वादोनपट झेलते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर मी लहान छत्री आणि भक्कम पाया निवडीन. घर झाडीच्या आडोशाला, वाऱ्यापासून दूर असते तर उलट निवड केली असती.

नवशिक्याची इथे हमखास चूक होते ती अशी. या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात. एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला पुढे आलेली असते, आणि छत्री जिथे तोंड करून उभी दिसते त्याच्या सुमारे पंचवीस अंश वरून ती सिग्नल घेते. म्हणून उपग्रह साडेअठ्ठावन्न अंशांवर असला तरी छत्री तेवढी आभाळाकडे उताणी करायची नसते. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतात त्या वापराव्या.

बॉक्समध्ये उपग्रहांच्या यादीत जीसॅट-१५ नसेल तर इन्सॅट-४बी निवडावा. तो जुना उपग्रह याच ९३.५ अंशांवर होता आणि पुष्कळ बॉक्सांत अजून त्याचेच नाव आहे. एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५० आणि १०६००. तपासायला ११०९० मेगाहर्ट्झ, व्ही ध्रुवण, सिम्बॉल रेट २९५०० ही नोंद घातली. घेणार असाल तर एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चालणारा बॉक्स घ्या. जुने एमपेग-२ बॉक्स स्वस्तात मिळतात, पण त्यांच्यावर निम्मीअर्धी यादी दिसतच नाही. काही नव्या टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो, मागे एफ-कनेक्टरचे तोंड दिसते. त्यांना बॉक्स लागत नाही.

टीव्ही पंपघराजवळ ओढून आणला, एक्स्टेंशन लावले. मुलगा छत्रीशी, मी पडद्याशी. पाच मिनिटांत स्ट्रेंग्थचा पट्टा पंच्याऐंशीवर गेला.

"लागलं ना?" वरून प्रश्न.

"क्वालिटी शून्य आहे. थांब."

हे दोन पट्टे वेगळे आहेत हे समजून घेतले की अर्धे काम झाले. स्ट्रेंग्थ म्हणजे एलएनबीकडून काहीतरी येते आहे, एवढेच. ते आभाळाकडे न पाहताही येऊ शकते. क्वालिटी म्हणजे मागितलेला सिग्नल बॉक्सला कळला. स्ट्रेंग्थवर विसंबून नट आवळले की माणूस दिवसभर फिरत राहतो. मी ब्लाइंड स्कॅन लावला, म्हणजे सापडेल ते सगळे शोधायला बॉक्सला सांगितले, तर कुठल्यातरी सशुल्क सेवेची कुलूपबंद चॅनेल यादीत आली. तेव्हा उलगडा झाला. ९५ अंशांवर एसईएस-८ हा दुसरा उपग्रह आहे, आपल्या उपग्रहापासून आकाशात दीड-दोन अंशांवर. लहान छत्रीला हे दोघे शेजारी अगदी खेटून दिसतात. ९५चा उपग्रह आपल्याला किंचित डावीकडे, म्हणजे पूर्वेला, आणि किंचित खाली असतो. म्हणजे छत्री उजवीकडे दोन अंश आणि वर एक अंश न्यायची. दोन अंश म्हणजे किती? या छत्रीच्या कडेला मोजले तर जेमतेम एक सेंटिमीटर. पाइपवर पेन्सिलने रेघ मारली, मुलाने दोन्ही हातांनी छत्री रेघेपासून नखाएवढी सरकवली. क्वालिटी एकदम बासष्ट.

मग एलएनबी तिच्या कड्यात हळूहळू फिरवली. उपग्रह आपल्या वीस अंश पूर्वेला असल्यामुळे त्याची उभी लहर आपल्याला कलती दिसते. एलएनबी त्याप्रमाणे कलती करावी लागते, सरळ ठेवून चालत नाही. फिरवता फिरवता क्वालिटी अठ्ठ्याहत्तर झाली, पुढे उतरायला लागली, मागे घेतली. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, कारण एकच नट पूर्ण आवळला की छत्री त्या बाजूला ओढली जाते.

मीठ, पाणी, वीज

केबल बावीस मीटर लागली. तांब्याच्या तारेची आरजी-६ घेतली आणि मध्ये कुठेही जोड दिला नाही. गडग्याच्या कडेने पाइपातून नेली. कनेक्टर लावताना जाळीचा एखादा केस मधल्या तारेला चिकटला तर एलएनबीला जाणारा वीजपुरवठा शॉर्ट होतो, म्हणून तो भिंगाखाली धरून पाहिला. बोल्ट आणि वॉशर स्टेनलेस स्टीलचे, जुने गंजलेले टाकून दिले. कनेक्टरवर रबरी वॉटरप्रूफ टेप ताणून गुंडाळली, खालून वर, म्हणजे कौलांसारखी एकीवर एक पाती येते आणि पाणी आत वळत नाही. सिलिकॉन भरायचा मोह होतो. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते तांब्याला खाते, ते वापरू नये. केबल एलएनबीतून निघाल्यावर आणि घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोका दिला. पाणी त्या झोक्याच्या तळाशी येऊन गळते, आत जात नाही.

पाइपाला तांब्याची तार लावून ती विहिरीजवळच्या ओल्या जमिनीत अर्थिंगला दिली. तरीही आत्याला सांगितले आहे की मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये गडगडायला लागले की बॉक्समागची केबल सोडवून ठेवायची. त्या आठवड्यांत आपल्याकडे विजा फार पडतात आणि अर्थिंग हे काही कवच नव्हे. बॉक्स बारा व्होल्टवर चालणारा आहे, त्यामुळे पुढे छोट्या बॅटरीवर घेता येईल. ते काम अजून राहिले आहे.

पावसाचे आत्याला खरे तेच सांगितले. या लहरींची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर असते, मुसळधार पाऊस त्यांना अडवतो, आणि कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा जोराच्या सरीत दहा-पंधरा मिनिटे चित्र जाणार. पण छत्री एवढ्या चढ्या कोनात पाहते की फक्त घराच्या आग्नेयेला तीनेक किलोमीटरच्या आतला पाऊस आड येतो. समुद्रावर कितीही काळे झाले तरी चित्राला धक्का नाही. ऑक्टोबरच्या दोन सरी आल्या, एकीत चित्र आठ मिनिटे गेले, दुसरीत गेलेच नाही. काकांनी दोन्ही वेळा घड्याळ लावून वहीत लिहून ठेवले.

पुढचे सहा महिने

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत वाऱ्याने चित्र एकदाही तुटले नाही. सातच्या बातम्या चालू असतात तेव्हा काकांचा फोन लागत नाही. आठवीतली मुलगी दुपारी येते. आत्याने रेडिओची केंद्रे शोधून काढली आहेत. सकाळी स्वयंपाक करताना टीव्हीचा पडदा नुसता निळा असतो आणि आकाशवाणी चालू असते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी काकांना फोन करून ठेवला होता, की तेरा तारखेच्या आगेमागे सव्वाअकराला चित्र थोडा वेळ फुटेल, सूर्य उपग्रहाच्या मागे आला की एलएनबीला त्याचाच गोंगाट ऐकू येतो, घाबरू नका. तेराला अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. "अकरा दहाला गेलं, सोळाला आलं. मी विहिरीवर जाऊन बघून आलो."

"काय दिसलं?"

"छत्रीवर सगळीकडे ऊन. आणि ती पुढची डबी आहे ना, तिचं पांढरं टोपण बाकी सगळ्यापेक्षा उजळ दिसत होतं. छत्रीने सगळं ऊन गोळा करून तिथेच टाकलं होतं."